बाहेर कोण उभं हाय?

गेल्या श्रावणातली गोष्ट. दिवसभर भुरभुर चालू होती, अजिंक्यतारा सकाळपासून ढगात बुडालेला, आणि वरच्या खोलीत ओल्या भिंतीचा वास दाटून राहिला होता. मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी डाकोटा विमानाचं इंजिन सुरू करायला घेतलं होतं. विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये आसामातल्या जोरहाटचा विमानतळ, सकाळची वेळ, लख्ख ऊन. आबा, माझे वडील, माझ्या मागे खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल घेऊन. मी एकेक गोष्ट मोठ्यानं म्हणत पुढे चालले होते, त्यांना ऐकू यावी म्हणून. बॅटरी चालू. पेट्रोलच्या टाक्या निवडल्या. काउल फ्लॅप उघडे. थ्रॉटल किंचित पुढे. बोट स्टार्टरवर नेलं आणि मागून आवाज आला, "बाहेर कोण उभं हाय?"

मला वाटलं, दारात कुणी आलंय. म्हटलं, "कुणी नाही आबा, पाऊस आहे." तर म्हणाले, "तसं न्हाई गं. जहाजाच्या बाहेर. इंजिनापाशी कोण उभं हाय?"

आबा विमानाला जहाजच म्हणतात. मी कॅमेरा बाहेर काढला आणि विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारली. काँक्रीटवर पंखांची सावली पडली होती. लांब गवत हलत होतं. चाकांपाशी कुणी नव्हतं, इंजिनासमोर कुणी नव्हतं, हँगरच्या दारात कुणी नव्हतं. "कुणीच नाही, आबा," मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं काठी घेऊन उठले आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली गेले. त्या संध्याकाळी मी इंजिन सुरू केलं नाही.

हे सगळं सुरू झालं लॉकडाऊनमध्ये. कॉलेज बंद म्हणून मुलगा घरी होता, त्यानं हे सिम्युलेटर घेतलं, दोन वर्षं उडवलं आणि नोकरी लागल्यावर पुण्याला गेला. कॉम्प्युटर, हातात धरायचं चाक आणि पायातली पेडलं इथंच राहिली. मी पॉलिटेक्निकला यंत्रचित्रण शिकवते. इतकी वर्षं मुलांना सांगत आलेय की कागदावरची रेघ चुकली की कारखान्यातला लोखंडाचा तुकडा चुकतो. त्यामुळं जुनी विमानं तयार करणाऱ्या हौशी मुलांच्या एका गटाला तपासणारं कुणी हवंय असं मुलाकडून कळलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पाच-सहा जण, वेगवेगळ्या शहरांत नोकऱ्या करून रात्री हे काम करणारे. पैसे कुणालाच नाहीत. त्यांनी भारतीय हवाई दलाचा डाकोटा करायला घेतला होता. डाकोटा म्हटल्यावर मला आणखी काही विचारायचं नव्हतं. आबा हवाई दलात इंजिन फिटर होते, आणि त्यांची उमेदीची वर्षं जोरहाटला डाकोटाच्या इंजिनांखाली गेली.

तपासायचं म्हणजे नेमकं काय, ते पहिल्या आठवड्यातच उमगलं. मुलांनी सांगाडा घेतला होता प्रवासी डीसी-३ चा आणि वरून हवाई दलाचा रंग दिला होता. लांबून बघणाऱ्याला तो डाकोटाच. पण १९३५ साली पहिल्यांदा उडालेलं ते प्रवासी विमान आणि पुढे युद्धासाठी त्याच्यावरूनच बेतलेलं सी-४७, ज्याला ब्रिटिशांनी डाकोटा म्हटलं आणि आपण तेच नाव चालू ठेवलं, ही सख्खी भावंडं असली तरी जुळी नव्हेत. प्रवासी विमानाला माणसापुरतं दार. डाकोटाला डाव्या अंगाला, मागच्या बाजूला, जीप आत चढवता येईल एवढं दोन झडपांचं दार. कॉकपिटच्या मागे छतावर काचेचा छोटा घुमट, त्यातून नॅव्हिगेटर तारे बघून जागा काढायचा. खिडक्यांच्या काचांना वाटोळी भोकं आणि त्यांना बुचं, आत बसलेल्या सैनिकाला बंदुकीची नळी बाहेर काढता यावी म्हणून. आणि शेपटीचं टोक! प्रवासी विमानाचं निमुळतं होत गेलेलं, डाकोटाचं मात्र छाटून टाकल्यासारखं, कारण तिथं ग्लायडर ओढायचा दोर अडकवायची सोय असे. मी चित्रं काढून, मापं टाकून, यादी पाठवली. मुलांनी एकेक गोष्ट मनापासून दुरुस्त केली. एका पंखावरचं तिरंगी वर्तुळ त्यांनी उलटं लावलं होतं, बाहेर हिरवा आणि आत केशरी. ती चूक आबांनी दाखवली, तीही चष्मा न लावता. "केशरी भाईर, हिरवा मधी," एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद झाला तो पंख्याच्या, म्हणजे प्रॉपेलरच्या, चुकीनं. डाकोटाचं प्रॅट अँड व्हिटनी ट्विन वास्प इंजिन १२०० अश्वशक्तीचं. उड्डाणाच्या वेळी ते मिनिटाला २७०० फेरे घेतं. पंख्याचा व्यास साडेतीन मीटर. पंखा सरळ इंजिनाच्या दांड्यावर बसवला असता तर पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाच्या पुढे गेली असती आणि हवा ओढायचं त्यांचं काम बिघडलं असतं. म्हणून मध्ये गिअर असतात. इंजिन सोळा फेरे घेतं तेव्हा पंखा नऊच घेतो. कॉकपिटमधला काटा दाखवतो ते इंजिनाचे फेरे, पंख्याचे नव्हे. पडद्यावर मात्र पंखा मला उगाचच घाईत वाटत होता. वाटण्यावर यादीत काही लिहिता येत नाही. मग मी सिम्युलेटरचा वेग पाव केला, काटा ६०० वर स्थिर ठेवला, पडदा रेकॉर्ड केला आणि रात्री जेवणं झाल्यावर एका पात्यावर नजर ठेवून चौकटी मोजत बसले. सेकंदाला ६० चौकटी. पंख्याचा एक फेरा २४ चौकटींत पुरा होत होता. गिअर धरले असते तर त्याला ४२ ते ४३ चौकटी लागायला हव्या होत्या. मुलांनी पंखा थेट इंजिनाला जोडला होता. बाहेर कुठंतरी बेडूक ओरडत होते, घर झोपलेलं होतं, आणि मी वहीत ते दोन आकडे एकाखाली एक लिहून कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत बसले. बरोबर असण्याचं समाधान नव्हतं ते. आबांच्या इंजिनाच्या पोटातले, कुणाला कधीही न दिसणारे ते दातेरी चक्र मला मोजणीतून दिसले होते.

त्या इंजिनाशी माझी ओळख तशी फार जुनी. मी लहान असताना आबा वर्षातून एकदा सुट्टीवर गावी यायचे, कोरेगावकडच्या आमच्या घरी. त्यांचं काळं ट्रंक पडवीत आलं की घराला वेगळाच वास यायचा, पेट्रोल आणि साबण एकत्र झाल्यासारखा. संध्याकाळी ओल्या शेंगा उकडल्या जायच्या. आबा त्यातल्या चौदा शेंगा बाजूला काढायचे, जमिनीवर गोल मांडायचे आणि मला म्हणायचे, आता सांगतो त्याच क्रमानं खायच्या. एक, दहा, पाच, चौदा, नऊ, चार, तेरा, आठ, तीन, बारा, सात, दोन, अकरा, सहा. "नऊ मिळव. चौदाच्या वर जात असंल तर मिळवू नको, पाच वजा कर." मी पाढ्यासारखं ते पाठ केलं होतं. शाळेत मैत्रिणींनाही शिकवलं, सागरगोटे खेळताना. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना लायब्ररीत एका जाड पुस्तकात चौदा सिलिंडरच्या इंजिनाची आकृती सापडली, पाकळ्यांसारखी दोन रांगांत मांडलेली, आणि खाली ठिणगी पडण्याचा क्रम छापला होता. एक, दहा, पाच, चौदा. विषम आकडे मागच्या रांगेतले सात सिलिंडर, सम आकडे पुढच्या रांगेतले सात. एकदा मागे, एकदा पुढे, असा धक्का फिरत राहतो म्हणून इंजिन समतोल चालतं. मी लायब्ररीत बसल्या बसल्या ओठांतल्या ओठांत पुढचं म्हणत गेले, पान न बघता. समोरच्या मुलीनं विचारलं, काय म्हणतेस? मला सांगता आलं नाही.

प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एका इंजिनाला २८, एका विमानाला ५६. आबांच्या उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर पांढरट वळ आहेत, ते मागच्या रांगेतल्या खालच्या प्लगांचे. तिथं पाना नीट फिरत नाही, सुटला की हात सिलिंडरवरच्या पातळ पट्ट्यांवर आपटतो, आणि त्या पट्ट्या पात्यासारख्या धारदार. आमच्या घरात आजही कुठलाही नट नुसता आवळलेला नसतो. फाटकाची बिजागरी, मोटरचा पाया, माझ्या स्कूटरचा आरसा, सगळीकडे बारीक तार, वेणी घातल्यासारखी पिळलेली. तारेची ओढ अशा बाजूनं द्यायची की नट ढिला व्हायला लागला तर तारच त्याला आवळत नेईल. मी सातवीत असताना त्यांनी मला हे पिळणं शिकवलं होतं. उलट बाजूनं पिळलं तर काहीही न बोलता ते तार कापून टाकायचे आणि नवीन तुकडा हातात द्यायचे.

सिम्युलेटर आलं तेव्हा म्हणूनच मी आबांना वर नेऊन बसवलं. ते जे सांगत ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. मॅग्नेटोची, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज देणाऱ्या दोन यंत्रांची, एकेक बंद करून केलेली तपासणी दाखवली तर म्हणाले, "डावीकडं आन् उजवीकडं येकसारखेच फेरे कमी झाले? असं कधी होत न्हाई. दोन मॅग्नेटो म्हंजे दोन मानसं." मी ते यादीत लिहिलं आणि मुलांनी दोन्ही बाजूंना थोडा फरक ठेवला. त्यांच्या बोलण्यात "होतं", "नव्हतं", "असंच" असायचं. कधी थांबून विचार करताहेत असं दिसायचं नाही.

मग शेपटीची गोष्ट झाली.

ज्येष्ठातली एक दुपार. छाटलेल्या शेपटीचा नवीन आराखडा मुलांनी पाठवला होता आणि मी तो आबांना दाखवला. ते म्हणाले, हे चुकलंय, आपल्या जहाजाची शेपटी टोकदार होती. मी म्हटलं, आबा, सी-४७ ची अशीच असते. "मी इतकी वरसं बघितलंय," ते म्हणाले. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी त्यांचंच ट्रंक उघडलं आणि जुना फोटो काढून आणला. सहा जण चड्डी-बनियनवर विमानापुढे उभे, आबा डावीकडून दुसरे, केस दाट, आणि त्यांच्या डोक्यावरून मागे गेलेली ती शेपटी, छाटलेली. आबांनी फोटो खिडकीपाशी नेला. भिंग मागितलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी इंजिनवाला. शेपटीकडं कशाला बघतोय." आणि हसले.

तो फोटो मी दाखवायला नको होता, असं मला त्या क्षणी वाटलं आणि अजून वाटतं. आराखडा बरोबर ठरला, यादीतला एक मुद्दा पुरा झाला. पण त्या दिवसानंतर आबांच्या प्रत्येक वाक्याच्या आधी "मला वाटतं" यायला लागलं. तेलाच्या दाबाबद्दल, पेट्रोलच्या टाक्यांबद्दल, ज्या गोष्टी त्यांच्या हातांना अजून पाठ आहेत त्यांच्याबद्दलसुद्धा. मी मुद्दाम पुस्तक काढून म्हणायचे, बघा, तुमचंच बरोबर. ते मान हलवायचे. आठ दिवस तर ते वरही आले नाहीत, पाऊस आहे, जिना ओला आहे, म्हणून. अचूक असण्यावर माझा विश्वास आहे. ज्या वस्तूसाठी माणसांनी आयुष्य घातलं ती अंदाजपंचे दाखवणं हा त्यांचा अपमान आहे, हे मी वर्गात नेहमी सांगते आणि पुढेही सांगेन. तरी त्या फोटोचं माझ्या मनात अजून टोचतं.

म्हणूनच श्रावणातल्या त्या संध्याकाळी "बाहेर कोण उभं हाय?" हे ऐकलं तेव्हा मी दचकले होते. त्यात "मला वाटतं" नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी विषय काढला. आबा म्हणाले, रात्रभर जहाज उभं राहिलं की तेल निथळून खालच्या सिलिंडरात जमतं. तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन वर येताना तेलावर आदळतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. मग आतला रॉड वाकतो. तो वाकलेला लगेच कळला तर नशीब, नाहीतर डोंगरावर कळतो. म्हणून आधी स्विच बंद आहेत ना ते ओरडून विचारायचं आणि पंखा हातानं फिरवायचा. एकेक पातं, दोन-दोन जणांनी मिळून. जोरहाटला थंडीत पहाटे पात्यावर दव असायचं, तळवे चिकटल्यासारखे व्हायचे. मध्येच अडकलं तर जोर लावायचा नाही. खालचा प्लग काढायचा, तेल काढून टाकायचं, प्लग लावायचा, पुन्हा पहिल्यापासून फिरवायचं. "जोर लावनारा फिटर न्हवं," आबा म्हणाले. मग एक जण आग विझवायचं नळकांडं घेऊन इंजिनाच्या बाजूला उभा राहायचा, एक जण समोर, वैमानिकाला दिसेल असा. त्यानं हात वर करून बोट फिरवल्याशिवाय वैमानिक स्टार्टरला हात लावत नसे. आणि या सगळ्याच्या आधी सातशे नंबरच्या फॉर्मवर सही. आज हे इंजिन मी बघितलंय, असं लिहून दिलेली सही. "जहाज परत येईस्तवर ती सही खिशात असल्यासारखी वाटायची," असं ते म्हणाले, आणि कप बशीवर ठेवून गप्प बसले.

अरुणाचलातली अलाँग, झिरो, तेजू ही नावं मी लहानपणी त्यांच्या तोंडून मामाच्या गावांसारखी ऐकली आहेत. दार काढून टाकलेल्या डाकोटातून तांदळाची पोती खाली ढकलायची, एका पोत्यात दुसरं पोतं घालून, म्हणजे आतलं फुटलं तरी दाणे बाहेरच्यात राहतात. विमान दरीत शिरलं की जमिनीवरच्यांना करण्यासारखं काही उरत नसे. आबा म्हणतात, कुणी पत्ते खेळायचं, कुणी कपडे धुवायचं, पण कान सगळ्यांचे डोंगराकडे. परतताना आवाज आधी यायचा, आणि आवाजावरून कळायचं, दोन्ही इंजिनं एका सुरात आहेत की नाही. २०१८ साली परशुराम नावाचा डाकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन उडत भारतात आला, तेव्हा टीव्हीवर सगळे रंग बघत होते. आबांनी डोळे मिटले होते.

२७ ऑक्टोबर १९४७ ला दिल्लीहून शिखांची तुकडी घेऊन डाकोटा श्रीनगरला उतरले, हे आपण सगळे वाचत आलोय. मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग जनरल थिमय्यांना घेऊन लेहला उतरले, साडेदहा हजार फुटांहून उंच, नुकत्याच सपाट केलेल्या जमिनीवर. ती वर्णनं मी पुष्कळदा वाचलीत आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आलाय. त्या संध्याकाळनंतर पुन्हा वाचली तेव्हा मात्र पहाटेचं वाक्य शोधत राहिले. त्या दिवशी त्या इंजिनांचे पंखे कुणी फिरवले, ते. आमच्या यादीत तोपर्यंत १६३ मुद्दे झाले होते. रिव्हेटच्या रांगा, काट्यांचे रंग, पंख्याच्या टोकांचा पिवळा पट्टा. माणूस एकही नव्हता, आणि ती यादी मीच केलेली होती.

१६४ वा मुद्दा मी भाद्रपदात लिहिला. सुरू करण्याआधी पंखा हातानं फिरवण्याची सोय नाही. इंजिनासमोर खूण देणारा माणूस नाही. आगीसाठी उभा असलेला माणूस नाही. मुलांनी प्रामाणिकपणे कळवलं की चालती-हलती माणसं करणं त्यांच्या आवाक्यातलं नाही, पंख्याचं मात्र पुढच्या वेळी बघू. मला त्यांचा राग आला नाही. रात्री दोनपर्यंत जागून त्यांनी माझ्या एका शब्दावर अख्ख्या शेपट्या बदलल्या आहेत.

परवा रविवारी संध्याकाळी मी पुन्हा जोरहाट लावलं. आबा खाली सोप्यात होते, आता जिना चढवत नाही त्यांना. वरून बॅटरीचा बारीक गुणगुणाट सुरू झाला तसा खालून आवाज आला, "फिरवला का पंखा?"

"किती पाती फिरवू, आबा?"

"बारा. कमी न्हाई."

बारा पाती म्हणजे तीन पात्यांच्या पंख्याचे चार फेरे. पंख्याचे चार म्हणजे इंजिनाचे सात. चौदाही सिलिंडर आपापली फेरी पुरी करून मोकळे होतात. मी मनात हिशोब केला आणि हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. पडद्यावर पंखा स्थिर होता. खालून आबा मोजत होते, प्रत्येक आकड्यानंतर थोडं थांबून, पातं हाताखालून जायला आणि पुढचं हाताशी यायला लागतो तेवढा वेळ. सातला आवाज जरा ओढल्यासारखा झाला. मग आठ. नऊ. मी खुर्ची खिडकीकडे वळवली. साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकाच्या बाजूला दिवे लागत होते.

"बारा," आबा म्हणाले. "हं. आता लाव."